बोगदा संपला, तरी नेट का येत नाही?

कामानिमित्त कोकण रेल्वेने रत्नागिरीला जाताना उक्षी मागे पडलं, की करबुड्याचा बोगदा लागतो. लांबी साडेसहा किलोमीटर. गाडी ताशी १०० किलोमीटरने धावत असली, तरी बाहेर पडायला जवळपास चार मिनिटं लागतात. आत रेंज जाते आणि लॅपटॉपवर उतरत असलेली फाइल थांबते. यात नवल नाही. नवल पुढे आहे. बाहेर आल्यावर मोबाइलला रेंज मिळते, तरी फाइल जागची हलत नाही.

बोगद्यात असताना लॅपटॉपच्या पडद्यावर कोपऱ्यातलं वाय-फायचं चिन्ह पाहा. ते पूर्ण भरलेलं असतं. कारण ते सांगतं लॅपटॉप आणि शेजारच्या मोबाइलचा हॉटस्पॉट यांच्यातल्या जोडणीविषयी. मोबाइल ते टॉवर हा खरा अवघड टप्पा, आणि त्याची खबर लॅपटॉपला नसते. फाइल पाठवणाऱ्या सर्व्हरलाही नसते. पाठवलेल्या तुकड्याची पोच आली नाही, एवढंच त्याला कळतं. मग तो थोडा थांबून तोच तुकडा पुन्हा पाठवतो. पोच नाहीच आली, तर थांबण्याचा काळ दुप्पट करतो: एक सेकंद, दोन, चार, आठ, सोळा. चार मिनिटांत ही प्रतीक्षा मिनिटाच्या पुढे गेलेली असू शकते. गाडी उजेडात येते तेव्हा सर्व्हर आपल्या पुढच्या पाळीची वाट पाहत स्वस्थ असतो.

हा संयम त्याला शिकवावा लागला. ऑक्टोबर १९८६मध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि तिथून चारशे यार्डांवरचं विद्यापीठ यांच्यातल्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. गर्दीत हरवलेले तुकडे यंत्रं पुन्हा पुन्हा पाठवत होती आणि गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८मध्ये यावर उपाय मांडला: तुकडा हरवला, तर गर्दी आहे असं समजा आणि हात आखडता घ्या. तारांच्या जाळ्यासाठी हा निष्कर्ष अगदी योग्य होता, आणि आजचं इंटरनेट त्यावरच उभं आहे. पण बोगद्यात गर्दी नसते, डोंगर असतो. सर्व्हरला दोन्हींतला फरक ओळखता येत नाही.

म्हणून बोगद्याबाहेर आल्यावर गोल फिरणाऱ्या चक्राकडे पाहत बसू नका. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करा. जुनी जोडणी तुटते, नवी कोऱ्या पाटीने सुरू होते. मोठी फाइल मात्र अर्ध्यावरून पुढे उतरेल याची खात्री नसते. ती निघण्याआधीच उतरवून घ्यावी.

मोबाइल ठेवायचा तो खिडकीपाशी. एलएचबी डब्याची भिंत स्टेनलेस स्टीलची असते आणि रेडिओलहरी धातूवरून परत फिरतात. आत यायला त्यांना मुख्यतः खिडक्यांचीच वाट असते. शक्य असेल तर मोबाइल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा. मग लॅपटॉप ते मोबाइल या टप्प्यात डब्यातल्या इतर हॉटस्पॉटची गजबज आड येत नाही आणि मोबाइल चार्जही होत राहतो.

स्टेशनवर गाडी थांबली आणि तिथलं वाय-फाय घेतलं, की लॅपटॉपचा पत्ता बदलतो. जुन्या पद्धतीची जोडणी तेवढ्यानेही तुटते. २०२१मध्ये प्रमाणित झालेल्या ‘क्विक’ या पद्धतीत जोडणीला स्वतःची वेगळी ओळख असते. पत्ता बदलला, तरी ती ओळख दाखवून तीच जोडणी पुढे चालू ठेवता येते.