जुन्या फियाटचे इंजिन : दुरुस्त करावे की बदलावे?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आजही काही घरांच्या पडवीत ताडपत्रीखाली एखादी जुनी फियाट उभी दिसते. वडिलांनी किंवा चुलत्यांनी हौसेने घेतलेली ही गाडी विकवत नाही आणि घाटात न्यावी तर भरवसा वाटत नाही. अशा गाडीचे इंजिन बसले की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो भंगारात द्या, दुसरा म्हणतो दुसरे इंजिन टाका. परंतु नेमके काय बिघडले आहे, हे दोघांनाही ठाऊक नसते. आमच्या मते हिशेबाची सुरुवात तेथूनच व्हावयास हवी.

ही गाडी आपल्याच मुलखात तयार झालेली आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट काढली. पुढे १९७० च्या दशकात तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ सीसीचे. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने लाखो लोकांना वाहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली.

आमच्याकडील गाडी १९७२ ची आहे. भिवंडीहून कापडाचे तागे आणून शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड अशा बाजारांत पोहोचविण्याचे काम तिने अनेक वर्षे केले. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात कसारा घाट चढताना तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. गाडी तत्काळ बाजूला घेऊन बंद केली. त्यानंतर ती सुरू होई, पण थडथडे, ओढ नसे आणि सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघे.

एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडताच फर्मावले, ‘‘फुल इंजिन काम.’’ अंदाज सांगितला ८० हजारांचा. दुसऱ्याने पद्मिनी विसरा, डिझेल इंजिन बसवून देतो म्हणून सांगितले. दोघांपैकी कोणीही मोजमाप घेतले नव्हते. कापडाचा ताना-बाना न तपासता जो ठाणाचा भाव बोलतो, त्याच्याशी आम्ही सौदा करीत नाही. मग इंजिनाच्या बाबतीत तरी का करावा? आम्ही मुरबाडच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. टॅक्सीच्या कामात त्यांची हयात गेलेली. ‘‘आधी बघू, मग बोलू,’’ एवढेच ते म्हणाले.

त्यांनी केलेली तपासणी सर्वांनी समजून घेण्यासारखी आहे. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजने मोजले. एक आणि चार नंबरचे ठीक निघाले. दोन आणि तीन नंबरचे निम्म्याहून कमी. मग त्या दोन्ही सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजले. ऑइल टाकल्यावर दाब वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा किंवा बोअरचा समजावा. न वाढला तर दोष वरच्या बाजूस, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केटमध्ये. आमच्या गाडीत दाब वाढला नाही. शेजारशेजारचे दोनच सिलिंडर बसलेले असल्याने त्या दोहोंमधील गास्केट जळाले असावे, असे त्यांनी हेड उघडण्यापूर्वीच सांगितले. उघडल्यावर तसेच निघाले.

हेड उतरविल्यावर त्यावर सरळ पोलादी पट्टी धरून फीलर गेजची पाती घातली. हेड मध्यभागी वाकले होते. ॲल्युमिनियमचे हेड बिडाच्या ब्लॉकपेक्षा लवकर वाकते, म्हणून गाडी तापली की पहिला मार त्यालाच बसतो. हेडला तडा आहे की नाही, हे फेसिंग करण्यापूर्वी पाण्याच्या दाबाने तपासून घ्यावे. तडा गेलेल्या हेडचे फेसिंग करणे म्हणजे फाटक्या कापडाला इस्त्री करण्यासारखे आहे. शेवटी बोअर गेजने सिलिंडर मोजले. झीज मर्यादेत होती, चरे नव्हते. म्हणजेच बोअरिंग आणि नवे पिस्टन यांची गरजच नव्हती.

आता आमच्यासमोर तीन मार्ग होते. पहिला, हेडचे फेसिंग, व्हॉल्व्ह व सीटचे काम आणि नवे गास्केट. दुसरा, संपूर्ण इंजिन खोलून बोअरिंग, पिस्टन, बेरिंग, क्रँक ग्राइंडिंग. तिसरा, दुसरे इंजिन.

तिसरा मार्ग सर्वांत सोपा दिसतो, पण त्याचे कागद अवघड असतात. आरसी बुकात इंजिन नंबर नोंदलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा बदल मनाला येईल तसा करता येत नाही. आरटीओची मंजुरी आणि नोंद लागते. भंगार बाजारातील इंजिन घेताना ते कोणत्या गाडीचे, कागद कोठे, हे विचारलेच पाहिजे. चोरीचा माल स्वस्त मिळाला तरी तो आपल्याला हलाल होत नाही.

दुसरीही एक बाजू आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी अथवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हीए’ मालिकेच्या क्रमांकास पात्र ठरते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तेव्हा गाडी कामाची ठेवायची की आठवणीची, हे मालकाने आधी ठरवावे. डिझेल इंजिन बसविले की मात्र दुसरा दरवाजा कायमचा बंद होतो.

आम्ही पहिला मार्ग घेतला. ब्लॉक आणि त्यावरील मूळ नंबर जसाच्या तसा राहिला. हेडचे काम कल्याणच्या लेथवर झाले. एकूण खर्च २२ हजारांच्या आत बसला. परंतु मिस्त्रींची एक अट होती. गाडी तापली का, हे शोधल्याशिवाय हेड बसविणार नाही. रेडिएटर उतरविला तर निम्म्या नळ्या बोअरवेलच्या पाण्याच्या क्षाराने बंद झालेल्या. तो साफ केला, थर्मोस्टॅट व होजपाइप बदलले, पाण्याऐवजी कूलंट भरले. हे केले नसते तर नवे गास्केटही पुढच्या घाटात जळाले असते. आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र आले आहे. जुन्या रबरी नळ्या व पेट्रोल पंपाचा पडदा त्याने लवकर खराब होतो. तेही याच वेळी बदलून घेतले.

वाचक बंधूंना आमचे सांगणे थोडके आहे. आधी मोजमाप, मग अंदाज, मग काम. अंदाज लेखी घ्यावा आणि काढलेले जुने सुटे भाग परत मागावेत. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या आयत २८२ मध्ये आलेली आहे. गाडी मिस्त्रीच्या ताब्यात देणे हीसुद्धा एक अमानतच आहे. आणि दुरुस्त केलेली गाडी पुढे विकायची झाल्यास हेडचे काम झाले आहे, हे गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगावे. ओले धान्य ढिगाच्या वर ठेवावे, म्हणजे लोकांना दिसेल, ही हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांची शिकवण आहे. धान्याला लागू तीच इंजिनालाही लागू. चार पैसे कमी मिळतील, पण सौद्यात बरकत राहील.