मेंदूच्या रोहिण्यांमधले वेगळेपण

‘डॉक्टर, बाबांच्या मेंदूतली एक नस जन्मतःच बारीक आहे म्हणतात. आता लकवा होणार का?’ नागपूरहून एमआर अँजिओग्राफी करून भंडाऱ्यास परतलेली कुटुंबे हा प्रश्न हमखास विचारतात.

मेंदूस रक्त पुरविणाऱ्या मुख्य रोहिण्या चार. दोन मानेच्या पुढील बाजूने, दोन मणक्यांतून. मेंदूच्या तळाशी लहान जोडरोहिण्या त्यांना एका कड्यात गुंफतात. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून ते ‘विलिसचे कडे’. पुस्तकातील हे अखंड कडे प्रत्यक्षात निम्म्याहून कमी माणसांत आढळते. कुणाची जोडरोहिणी अतिशय बारीक असते, तर कुणाची मणक्यातील एक रोहिणी, बहुधा उजवी, अरुंद असते. धानाच्या प्रत्येक बांधीला सारख्याच रुंदीचा पाट कुठे असतो?

या तपासणीत स्थिर ऊतक फिके आणि नव्याने आत शिरणारे रक्त उजळ दिसते. त्यामुळे बहुधा औषधाचे इंजेक्शन लागत नाही. मूत्रपिंड दुबळे असलेल्या वृद्धांना ही मोठीच सोय. पण येथे दिसतो तो प्रवाह. प्रवाह संथ असेल तर असलेली रोहिणीही चित्रात हरवते. अहवालातील ‘दिसत नाही’ म्हणजे ‘नाही’च, असे समजू नये. पेसमेकर किंवा जुन्या शस्त्रक्रियेची क्लिप असल्यास मात्र आधीच सांगावे.

मग हे वेगळेपण निरर्थक का? तसेही नाही. मानेतील एखादी रोहिणी चरबीच्या थराने बंद झाली, तर कडे दुसऱ्या बाजूचे रक्त वळवून आणते. कडे अपुरे असेल तर ती वाट मिळत नाही. रोहिणीवरील फुगा किंवा उतारवयात आलेले अरुंदपण ही वेगळी बाब. तेथे मेंदूविकारतज्ज्ञांचे मत हवेच. म्हणून एवढेच विचारा: हे जन्मजात आहे की नंतर झालेले? जन्मजात रचना गोळ्यांनी बदलत नाही. रक्तदाब, साखर आणि खर्रा (हा आपल्याकडे आजीही सोडत नाही!) यांवर मात्र आपला ताबा चालतो. अहवाल वाचून चालू औषधे स्वतःहून बंद करू नका.

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर या तपासणीची वाट पाहू नका. सीटी स्कॅन असलेले रुग्णालय गाठा. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येते. रुग्ण शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला, ते लिहून सोबत न्या. मोजणी तिथूनच सुरू होते.