चरबी म्हणजे तूप नव्हे

दादरचं शिवाजी पार्क असो, जुहूची चौपाटी असो, रत्नागिरीचा मांडवी किनारा असो की पणजीचं मिरामार, एप्रिलच्या सकाळी तिथे असा एक जण हमखास भेटतो. अंगात गळ्यापर्यंत चेन ओढलेलं प्लास्टिकचं जाकीट, पोटाला रबरी पट्टा, चेहरा लालबुंद. दोन फेऱ्या झाल्या की तो जाकिटाची बाही उलटी करतो, आतून पाण्याची धार गळते, आणि शेजारच्याला तो समाधानाने सांगतो, "बघ, कशी वितळतेय चरबी!"

वितळत काहीही नाही. चरबी म्हणजे कढईतलं तूप नव्हे, की आच लागली आणि पातळ होऊन ओघळलं. मुळात शरीराच्या 37 अंशांना माणसाची चरबी तेलकट, पातळसरच असते. तिला आणखी वितळवायचं ते काय? शिवाय चरबीच्या पेशीपासून त्वचेतल्या घामाच्या ग्रंथीपर्यंत कुठलीही नळी जात नाही. ग्रंथी पाणी घेते ते रक्तातलं. त्या घामाचा 99 टक्क्यांहून जास्त भाग पाणी, उरलेल्यात मुख्यतः मीठ. स्निग्धांश शोधायचाच तर बाहीपेक्षा सकाळच्या मिसळीत जास्त सापडेल.

तरीही हा समज मरत नाही. जिममधला ट्रेनर "घाम निघाला पाहिजे!" म्हणून ओरडतो, लग्नाआधी महिनाभर नवरदेव पंखा बंद करून उठाबशा काढतो, आणि घामाचे पट्टे विकणाऱ्यांचं दुकान चालतं. घामाने चरबी जात असती तर सकाळच्या विरार लोकलमधली सगळी माणसं काठीसारखी बारीक असती. दारातल्या गर्दीत चाळीस मिनिटं ज्याने काढली आहेत त्याच्याइतका घाम मॅरेथॉनवाल्यालाही सहज फुटत नाही.

मग चरबी जाते कुठे? रुबेन मिअरमन आणि अँड्र्यू ब्राउन या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 2014 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये याचा चोख हिशेब मांडला. हाच प्रश्न त्यांनी दीडशे डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम प्रशिक्षकांना विचारला, तेव्हा निम्म्याहून जास्त जणांनी चरबीची 'ऊर्जा होते' किंवा 'उष्णता होते' असं उत्तर दिलं. ते चुकीचं होतं, कारण वस्तुमान असं हवेत नाहीसं होत नाही. 10 किलो चरबी शरीरात पूर्ण जळली तर तिच्यातलं 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतं आणि 1.6 किलो पाणी होतं. म्हणजे चरबी बाहेर टाकणारा मुख्य अवयव फुप्फुस. आता कोणी म्हणेल, ते 1.6 किलो पाणी घामातून जातंच की! जात असेल. लघवीतूनही जातं, श्वासाच्या वाफेतूनही जातं. पण ते पाणी तयार होतं चरबी जळल्यावर, आणि चरबी जास्त जळते ती स्नायूंनी काम केल्यावर. अंगावर प्लास्टिक चढवल्याने स्नायूंचं काम वाढत नाही. (नुसता जोरजोरात श्वास सोडूनही भागत नाही, त्याने चक्कर येईल, वजन तेवढंच राहील.)

वजनकाटा मात्र जाकीटवाल्याच्या बाजूने साक्ष देतो, आणि घोळ होतो तो इथे. धावण्याआधी 70 किलो, धावून आल्यावर 69. एक किलो गेलं! ढोबळ हिशेब असा: सपाट रस्त्यावर एक किलोमीटर धावायला शरीराच्या दर किलोमागे साधारण एक किलोकॅलरी लागते. 70 किलोचा माणूस 10 किलोमीटर धावला तर 700 किलोकॅलरी. एक किलो चरबीच्या साठ्यात असतात सुमारे 7,700. सगळी ऊर्जा चरबीतूनच आली असं उदारपणे धरलं, जे प्रत्यक्षात होत नाही, तरी गेली जेमतेम 90 ग्रॅम. उरलेले 900 ग्रॅम पाणी. दोन शहाळी आणि दुपारचं वरणभात पोटात गेलं की ते परत.

हे पैलवानांना चांगलं ठाऊक असतं. वजनगटात बसण्यासाठी ते आदल्या रात्री घाम काढतात ते पाणी कमी करायला, आणि वजन झालं की पाणी पुन्हा भरून घेतात. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटच्या बाबतीत काय झालं ते सगळ्या देशाने पाहिलं. पहिल्या दिवशी 50 किलोच्या गटात ती बसली, लढती जिंकत अंतिम फेरीत पोहोचली; दरम्यान खाणंपिणं झालं आणि वजन वर आलं. रात्रभर व्यायाम, सौना, केस कापणं, सगळं करूनही सकाळी काटा 100 ग्रॅमने जास्त दाखवत होता. ती अपात्र ठरली आणि शरीरातलं पाणी आटल्यामुळे तिच्यावर उपचार करावे लागले. घामाने चरबी जात असती तर गेलेलं वजन एका दिवसात परत आलंच नसतं.

प्लास्टिकच्या जाकिटाची गोष्ट याहून गंभीर आहे. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत कॉलेजातले तीन कुस्तीगीर वजन उतरवताना दगावले. हवा न खेळणारे रबरी पोशाख घालून, गरम खोलीत, पाणी न पिता ते व्यायाम करत होते. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने 1998 मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला आणि कॉलेज कुस्तीत असे पोशाख आणि सौना यांच्यावर बंदी आली. तोच पोशाख आपल्याकडे 'स्लिमिंग सूट' म्हणून ऑनलाइन मिळतो.

किनारपट्टीवर हा धोका वाढतो, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. घामाचं काम एकच, शरीर थंड ठेवणं. पण नुसता घाम येऊन अंग थंड होत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वर सांगितलेल्या 10 किलोमीटरच्या धावेत जेवढी उष्णता तयार होते, साधारण तेवढीच. म्हणजे कोरड्या हवेत लिटरभर घामात काम भागतं. नागपूरच्या मे महिन्यात घाम कधी आला ते कळतही नाही. सदऱ्यावर मिठाचे पांढरे चट्टे उरतात तेवढेच. मुंबईत किंवा मडगावात हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, ती आणखी घ्यायला तयार नसते. घाम कपाळावरून, कोपरावरून टपटप गळतो, आणि जो टपकला तो अंगातली उष्णता न नेताच गेला. शरीर बिचारं आणखी घाम सोडतं, आणखी पाणी-मीठ जातं, आतलं तापमान मात्र चढत राहतं. जाकीटवाला ज्या धारेवर खूश आहे, ती धार म्हणजे त्याची शीतकरण यंत्रणा बंद पडल्याची खूण आहे.

भारतीय हवामान विभागाचे निकषही हेच सांगतात. मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 अंशांवर गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही. किनाऱ्यावर 37 पुरतात. 2019 मध्ये दोहाच्या समुद्रकिनारी जागतिक मैदानी स्पर्धेतली महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री ठेवली होती. ऊन नावालाही नव्हतं, पण तापमान 32 अंशांच्या आसपास आणि आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर. 68 जणी धावायला उभ्या राहिल्या, शर्यत पूर्ण केली 40 जणींनी. या जगातल्या उत्तमोत्तम धावपटू होत्या, अंगात बिनबाह्यांचे पातळ कपडे होते. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत आणि भल्या पहाटे सुरू होते, ती उगाच नव्हे.

एक गोष्ट जाकीटवाल्याच्या बाजूनेही सांगायला हवी. नियमित व्यायाम करणाऱ्याला घाम लवकर आणि जास्त येतो हे खरं आहे. उकाड्यात दहा-चौदा दिवस रोज बेताने सराव केला की शरीर सरावतं: घाम लवकर सुरू होतो, वाढतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. म्हणून पुण्याहून गोव्याला शर्यतीसाठी जाणाऱ्याने जमल्यास आधी येऊन राहावं. पण हे सगळं होतं ते थंड राहण्यासाठी, पोटाच्या घेराशी त्याचा संबंध नाही.

घामाच्या पोटात आणखी एक गैरसमज वाढलाय: मग पाणी पीतच राहावं. नको. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या 488 धावपटूंचं रक्त तपासलं, त्याचे निष्कर्ष 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने 2005 मध्ये छापले. 13 टक्के जणांच्या रक्तात सोडियम घसरलेलं होतं, आणि शर्यतीदरम्यान ज्यांचं वजन वाढलं, म्हणजे जे गरजेपेक्षा जास्त प्यायले, त्यांना हा धोका अधिक होता. त्याच शर्यतीत एका धावपटूचा यामुळे मृत्यूही झाला. तहान लागेल तसं प्यावं, हा साधा नियम बहुतेकांना पुरतो.

शहाळ्याचं पाणी घामाची पूर्ण भरपाई करतं, हे अर्धंच खरं. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. मीठ घातलेलं ताक किंवा कोकम सरबत त्या कामाला जास्त उपयोगी.

घाम सोडून किनाऱ्यावरचे आणखी दोन समज. सकाळच्या कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व मिळतं, असं प्रत्येक घरात कोणीतरी सांगतंच. ते तयार करणारे अतिनील किरण सूर्य खाली असताना वातावरणातच अडतात. तिरुपतीत झालेल्या अभ्यासात ते तयार होण्याची वेळ 11 ते 2 अशी आढळली. स्वतःची सावली स्वतःपेक्षा लांब पडत असेल तर फार आशा ठेवू नये. धावायला मात्र कोवळं ऊनच बरं. दोन कामं एका उन्हात होत नाहीत.

दुसरा समज पाण्यातला. विहिरीत पट्टीचा पोहणारा समुद्रातही तरतो, हा समज दर पावसाळ्यात माणसं गिळतो. परतीच्या प्रवाहाची ओढ लागली तर सरळ किनाऱ्याकडे हात मारण्यात दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावं. आणि लाल झेंडा दिसला तर पाण्यात उतरूच नये.

आता पुन्हा चरबीकडे. ज्याला खरोखर जास्त कॅलरी खर्चायच्या आहेत त्याच्यासाठी किनाऱ्यावर फुकटची सोय आहे. सुक्या, भुसभुशीत वाळूत धावायला टणक जमिनीच्या सुमारे 1.6 पट ऊर्जा लागते, असं बेल्जियममधल्या संशोधकांनी 1998 मध्ये मोजून दाखवलंय. पाणी आणि सुकी वाळू यांच्यामधली ओली पट्टी मात्र उतरती असते, त्यामुळे समुद्राकडचा पाय सतत खाली पडतो आणि गुडघा कुरकुरतो. गेल्या वाटेनेच परत यावं, म्हणजे दोन्ही पायांच्या वाट्याला सारखा उतार येतो. जाकीट घरी ठेवून.