गोदामातील तराजू

तराजू व्यापाऱ्याला सांगावा लागत नाही. फोर्कलिफ्ट हाही एक तराजूच आहे. पुढची चाके हा टेकू, एका बाजूस माल, दुसऱ्या बाजूस यंत्राचे वजन. माल उंच धरून वेगाने वळण घेतले की तोल सुटतो आणि यंत्र आडवे होते. घाबरून उडी मारणारा चालक त्याखालीच सापडू शकतो. पट्टा बांधून आसनावर बसणेच हिताचे. म्हणून माल जमिनीलगत ठेवूनच यंत्र चालवावे, फोर्कवर माणूस चढवू नये, पायवाट वेगळी आखावी. ‘गाडी लवकर भरा’ हा हुकूम पेढीवरून सुटतो. सावधगिरीचा हुकूमही तेथूनच सुटावा. उशिराचे नुकसान पुढच्या सौद्यात भरून निघते. कामगाराच्या घरचे निघत नाही.