राष्ट्रसंघाचे बिऱ्हाड

न्यू जर्सी राज्याच्या मॉरिस कौंटीत, दोन महामार्गांच्या चौफुलीवर वसलेल्या आमच्या पार्सिपनीचा जगाच्या राजकारणाशी काही ऋणानुबंध असेल असे या गावाकडे पाहून कोणालाही वाटणार नाही. कंपन्यांच्या कचेऱ्या, लेक हायवाथा भागातली भारतीय वाणसामानाची दुकाने आणि जर्सी सिटीची तहान भागवणारा विस्तीर्ण जलाशय, एवढाच या गावाचा दर्शनी पसारा. पूर्वेला सुमारे तीस मैलांवर, ईस्ट नदीच्या काठी, संयुक्त राष्ट्रांचे मुख्यालय उभे आहे हे येथील शाळकरी पोरासही ठाऊक असते. परंतु त्या मुख्यालयाची जागा मुक्रर होण्यापूर्वी सहा वर्षे, दक्षिणेला चाळीसएक मैलांवरच्या प्रिन्स्टन गावी, त्याच्या पूर्वसुरीने म्हणजे जिनिव्हाच्या राष्ट्रसंघाने आपल्या दफ्तराचा एक महत्त्वाचा हिस्सा आणून बिऱ्हाड थाटले होते, ही हकीकत मात्र येथे जन्म काढलेल्यांच्याही कानावर क्वचितच गेलेली असते. ईस्ट नदीकाठच्या काचेच्या इमारतीचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. माझ्या मते अशा जागतिक संस्थांचा स्वभाव ओळखायचा असेल तर आधी प्रिन्स्टनचा रस्ता धरावा.

हा स्वभाव दिसतो तो सभागृहातल्या भाषणांपेक्षा अगदी क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूंत. पार्सिपनीतल्या कोणत्याही मराठी घरात कपाटाच्या कुलूपबंद खणात चार-सहा पासपोर्ट असतातच; त्यांपैकी एखादा, मग तो निळ्या पुठ्ठ्याचा भारतीय असो वा अमेरिकन, छायाचित्राच्या पानावर उघडून पाहावा. तळाशी दोन ओळी आढळतात. प्रत्येक ओळीत बरोबर चव्वेचाळीस अक्षरे. पहिल्या ओळीत देशाची खूण, मग आडनाव, मग दोन कोनाकृती चिन्हे आणि त्यापुढे नाव. उरलेली जागा त्याच चिन्हांनी भरून काढलेली. दुसऱ्या ओळीत पासपोर्टाचा क्रमांक, जन्मतारीख, मुदतीची तारीख, आणि प्रत्येक आकड्यामागे त्याची खातरजमा करणारा आणखी एक अंक. १९४४ च्या शिकागो करारातून जन्मलेल्या, माँट्रिअल येथे कचेरी असलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवलेली ही मांडणी आहे. त्याच्याही आधी, पासपोर्ट ही घडीच्या कागदाऐवजी बत्तीस पानांची पुठ्ठ्याची पुस्तिका असावी अशी शिफारस झाली होती ती १९२० च्या ऑक्टोबरात पॅरिस येथे, राष्ट्रसंघाच्या दळणवळण शाखेच्या परिषदेत. ज्या संघाला मुसोलिनीला ॲबिसिनियातून मागे हटवता आले नाही, त्याने सुचवलेली पुस्तिका मात्र आज जगातला झाडून सारा प्रवासी खिशात घेऊन हिंडतो. प्रिन्स्टनला आलेल्या विभागात हीच दळणवळण शाखा समाविष्ट होती.

प्रिन्स्टनच का, याचे उत्तर वुड्रो विल्सन या नावात आहे, आणि त्यात इतिहासाने केलेली थोडी थट्टाही आहे. १९०२ ते १९१० प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष, मग १९११ ते १९१३ न्यू जर्सीचा गव्हर्नर आणि तेथून थेट राष्ट्राध्यक्षपदी, असा या प्राध्यापकाचा प्रवास. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहात राष्ट्रसंघाची सनद गोवून घेण्याचा हट्ट त्याने पुरा केला. मात्र स्वतःच्या देशाच्या सिनेटपुढे त्याचे काही चालले नाही. तहाच्या बाजूने देशभर भाषणे देत फिरत असता त्याची प्रकृती ढासळली, ऑक्टोबरच्या प्रारंभी पक्षाघाताने त्याला अंथरुणावर खिळवले, आणि १९ नोव्हेंबर १९१९ रोजी सिनेटने तह फेटाळला. ज्या देशाच्या अध्यक्षाने संघ जन्माला घातला तो देश त्याचा सभासद कधीच झाला नाही. उलट हिंदुस्थान, ज्याला स्वतःचे परराष्ट्र धोरण सोडाच, स्वतःचा अर्थसंकल्पही लंडनच्या मर्जीवाचून करता येत नव्हता, तो मूळ सभासदांच्या यादीत दाखल होता. साम्राज्याच्या पारड्यात एक मत जास्त पडावे हा त्यामागचा हिशेब उघड होता. पण हिशेब करणाऱ्याला पुष्कळदा व्याजाची कल्पना नसते.

त्या व्याजाचा पहिला हप्ता त्याच महिन्यात, त्याच वॉशिंग्टन शहरात वसूल होत होता. सिनेटमध्ये राष्ट्रसंघाचे वाभाडे निघत असता, तेथून जवळच पॅन अमेरिकन युनियनच्या इमारतीत राष्ट्रसंघाच्याच कुटुंबातल्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेची पहिली परिषद भरली होती. २९ ऑक्टोबरला ती सुरू झाली तेव्हा यजमान देश स्वतः संघटनेचा सभासद नव्हता. कारकुनांना बसायला जागा नव्हती म्हणून नौदल खात्याचे तरुण सहायक सचिव फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी आपल्या खात्याच्या इमारतीतल्या खोल्या मोकळ्या करून दिल्या. या परिषदेत हिंदी मजुरांचे प्रतिनिधी म्हणून बसले होते नारायण मल्हार जोशी: कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, भारत सेवक समाजाचे सदस्य, मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक. गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये चालवता चालवता हा मितभाषी गृहस्थ जगाच्या चव्हाट्यावर येऊन उभा राहिला होता. मजूर संघटनेची घटना इतर संस्थांहून वेगळी आहे. प्रत्येक देशाचे दोन प्रतिनिधी सरकारचे, एक मालकांचा, एक मजुरांचा. आणि चौघांना स्वतंत्र मत. पारतंत्र्यातल्या देशाच्या एका नागरिकाला आपल्याच सरकारच्या शेजारी बसून त्याच्याविरुद्ध हात वर करण्याचा अधिकार दुसऱ्या कोणत्या दरबारात मिळाला असता?

या परिषदेने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या कामाचा करार मंजूर केला; हिंदुस्थानापुरती मात्र दहाव्या कलमात साठ तासांची सवलत, म्हणजे मालकांच्या दृष्टीने सवलत, ठेवण्यात आली. मुंबईच्या गिरण्यांत तोवर कायद्याने बारा तासांचा दिवस चालत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे साठ तासही किती मोठी मजल होती ते कळते. १९२२ साली कारखान्यांचा कायदा दुरुस्त झाला आणि अकरा तासांचा दिवस व साठ तासांचा आठवडा लागू झाला. आणखी एक परिणाम असा की जोशींची निवड सरकारने परभारे केली, मजुरांना कोणी विचारलेच नाही, असा आक्षेप निघाला. पुढचा प्रतिनिधी मजुरांनीच सुचवायचा तर देशव्यापी संघटना हवी, म्हणून ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. परदेशातल्या एका खुर्चीसाठी घरची चळवळ उभी राहावी, हे उदाहरण विरळा आहे. त्या काँग्रेसचा कारभार पुढे बरीच वर्षे जोशींनीच वाहिला.

आता प्रिन्स्टन. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, जिनिव्हा चहूबाजूंनी वेढले गेले आणि राष्ट्रसंघाचे सरचिटणीस जोसेफ आव्हनॉल यांचा कल नव्या सत्ताधीशांकडे झुकू लागला. संघाच्या अर्थविषयक विभागाचे प्रमुख अलेक्झांडर लव्हडे हे स्कॉटिश गृहस्थ. हिंदुस्थानातील दुष्काळांचा इतिहास व अर्थशास्त्र या विषयावर १९१४ सालीच त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते, तेव्हा कोरड्या आकड्यांमागे माणसांची पोटे असतात हे त्यांना नव्याने शिकवावे लागत नव्हते. त्यांच्या विभागाने अमेरिकेत आसरा घ्यावा असे आमंत्रण आले. पण ते अमेरिकन सरकारचे नव्हते. ज्या संघात आपण नाही त्याला सरकारी निमंत्रण देण्याची वॉशिंग्टनची छाती नव्हती, म्हणून प्रिन्स्टन विद्यापीठ, तेथील उच्च अध्ययन संस्था आणि रॉकफेलर वैद्यकीय संशोधन संस्था अशा तीन खाजगी संस्थांनी मिळून पत्र धाडले. आव्हनॉल यांनी आधी नकार दिला आणि मग जी तोड काढली ती कोणत्याही मुरलेल्या शिरस्तेदाराला शोभावी अशी होती: विभागाचे मुख्यालय हलवायचे नाही, काही कर्मचाऱ्यांना फक्त दौऱ्यावर पाठवायचे. मोजके अधिकारी बायकामुलांसह बसने फ्रान्स व स्पेन ओलांडून लिस्बनला पोहोचले, तेथून बोटीने ऑगस्टात अमेरिकेस आले, आणि कागदोपत्री दौरा असलेला हा मुक्काम युद्ध संपेपर्यंत टिकला. आव्हनॉल राजीनामा देऊन बाजूला झाले. जिनिव्हाच्या ओस पडलेल्या प्रासादात आयर्लंडचे शॉन लेस्टर मूठभर कर्मचाऱ्यांनिशी दिवा तेवत ठेवून राहिले. मजूर संघटनेने माँट्रिअलच्या मॅक्गिल विद्यापीठात तळ ठोकला.

प्रिन्स्टनला या मंडळींना जागा मिळाली ती उच्च अध्ययन संस्थेच्या फुल्ड हॉलमध्ये, जेथे आइन्स्टाइन यांचीही खोली होती. तेथे त्यांनी काय केले? बाहेरच्या दृष्टीने काहीच नाही. तह केला नाही, ठराव मांडला नाही, कोणास तंबी दिली नाही. त्यांनी आकडे गोळा केले आणि पुस्तके लिहिली. युद्धाची अर्थव्यवस्था शांततेच्या वाटेवर कशी आणावी, मंदी देशोदेशी कशी पसरते, व्यापाराचे जाळे कसे विणलेले असते, असल्या विषयांवर एकामागून एक अहवाल निघाले. त्यांपैकी १९४४ साली प्रसिद्ध झालेला चलनविषयक ग्रंथ मुख्यतः राग्नार नुर्क्से यांनी लिहिला. हा मनुष्य एस्टोनियाचा, आणि १९४० च्या ज्या ऑगस्टात हे बिऱ्हाड अमेरिकेला लागले त्याच महिन्यात त्याची मायभूमी सोव्हिएत संघाने गिळंकृत केली. दोन युद्धांमधल्या वीस वर्षांत प्रत्येक देशाने आपापल्या चलनाची किंमत पाडून शेजाऱ्याच्या दारात कसा कचरा लोटला, याचा पंचनामा त्या ग्रंथात आहे. माझा अभिप्राय असा की राष्ट्रसंघाने आपल्या हयातीत केलेले सर्वांत प्रामाणिक काम हेच: स्वतःच्या अपयशाची नोंद पुढच्यांसाठी बिनचूक करून ठेवणे.

त्या नोंदीचा उपयोगही झाला. १९४४ च्या जुलैत न्यू हॅम्पशायरमधल्या ब्रेटन वुड्स येथे चव्वेचाळीस राष्ट्रे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांची घडण करण्यास जमली, तेव्हा लव्हडे व नुर्क्से निरीक्षक म्हणून तेथे गेले. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व सर जेरेमी रेझमन या इंग्रजाकडे होते. पण त्यात षण्मुखम चेट्टी होते, मुंबईचे ए. डी. श्रॉफ होते, आणि वर्षभरापूर्वीच रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख होते. देशमुखांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा, म्हणजे तेही कुलाबा जिल्ह्याचेच. जागतिक संस्थांच्या पायाभरणीला एकाच लहानशा जिल्ह्याने पंचवीस वर्षांच्या अंतराने दोन माणसे पाठवली, याचा अलिबागकरांनी थोडा अभिमान बाळगला तर तो अस्थानी ठरू नये. युद्धकाळात ब्रिटनकडे तुंबलेल्या भारताच्या स्टर्लिंगमधील येण्यांचा प्रश्न शिष्टमंडळाने धसास लावण्याचा यत्न केला. तो तुम्हा दोघांचा घरगुती मामला आहे असे म्हणून तो बाजूस सारण्यात आला. मात्र निधीतला हिस्सा चाळीस कोटी डॉलरचा ठरला, आणि रशिया बाहेर राहिल्याने हिंदुस्थान पहिल्या पाचांत येऊन त्याला संचालक नेमण्याचा अधिकार लाभला.

१८ एप्रिल १९४६ रोजी राष्ट्रसंघाच्या शेवटच्या सभेने स्वतःचे विसर्जन केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जॉन रॉकफेलर धाकटे यांनी पंचाऐंशी लाख डॉलर देऊ केले आणि ईस्ट नदीच्या काठचा, कत्तलखान्यांचा म्हणून बदनाम असलेला, पट्टा संयुक्त राष्ट्रांच्या पदरात पडला. राष्ट्रसंघाचे सांख्यिकी मासिक नव्या संस्थेने आपल्या नावावर चालू ठेवले. तह नोंदवण्याची वहीही पुढे चालू राहिली. या वहीविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. आपल्याकडे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत न नोंदलेला खरेदीखताचा कागद जसा कोर्टात लंगडा पडतो, तसा सनदेच्या १०२ व्या कलमाप्रमाणे सचिवालयात न नोंदलेला करार संयुक्त राष्ट्रांच्या कोणत्याही शाखेसमोर पुढे करता येत नाही. गुप्त तहांनी महायुद्ध ओढवले, ही विल्सनची खंत या एका कलमात शिल्लक आहे.

पार्सिपनीहून बसने पोर्ट अथॉरिटीला आणि तेथून बेचाळिसाव्या रस्त्याने सरळ पूर्वेकडे गेले की मुख्यालय लागते. महासभेच्या दालनात १९३ राष्ट्रांना सारख्या खुर्च्या. पहिल्या खुर्चीचा मान कोणाचा हे दरसाल चिठ्ठी टाकून ठरते आणि तेथून इंग्रजी वर्णानुक्रमाने रांग लागते. प्रत्येक कागद सहा भाषांत निघतो, आणि त्याच्या माथ्यावरच्या क्रमांकावरून तो महासभेचा की सुरक्षा परिषदेचा हे जाणकार एका नजरेत ओळखतो. विश्वस्त मंडळाचे देखणे दालन आहे. मंडळाचे काम १९९४ सालीच संपले, दालन उरले. सुरक्षा परिषदेच्या नालाकृती टेबलाशी मात्र समतेचा हा थाट संपतो: पंधरांपैकी पाचांना नकाराधिकार, आणि त्यांतला एक उठला की बाकीच्यांचे एकमत रद्दीत. २०२५ चा नियमित अर्थसंकल्प ३७२ कोटी डॉलरचा होता. त्यातला २२ टक्के वाटा अमेरिकेवर आहे आणि तो वेळेवर येईलच असा भरवसा कोणी देत नाही. युद्ध थांबवण्याच्या कामी ही संस्था पुष्कळदा हतबल ठरली, हे तिच्या हितचिंतकांनीही मान्य करावे. परंतु देवीच्या रोगाचे निर्मूलन झाल्याची घोषणा १९८० साली जिने केली ती जागतिक आरोग्य संघटना याच कुटुंबातली. जेथे बड्या सत्तेचा अभिमान पणाला लागतो तेथे ही यंत्रे अडकतात. जेथे कोणाचा अभिमान गुंतलेला नसतो तेथे ती निमूटपणे, वर्षानुवर्षे चालतात.

वॉशिंग्टनमधल्या त्या पहिल्या मजूर परिषदेच्या वाट्यालाही हे चालणे आणि अडकणे दोन्ही आले. रूझवेल्ट स्वतः राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९३४ साली अमेरिका मजूर संघटनेत दाखल झाली. आठ तासांच्या दिवसाचा तो पहिला करार हिंदुस्थानने १९२१ सालीच मान्य केला होता. ज्या देशाच्या राजधानीत तो मंजूर झाला, त्या अमेरिकेने त्यावर आजतागायत मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही.