परदेशीं घरची चटणी

मनुष्याचा देश सुटला तरी त्याची जिव्हा स्वदेशींच राहते. मेक्सिकोच्या युकातान प्रांतांत 'श्नीपेक' नांवाची एक जहाल चटणी करितात. माया भाषेंत ह्या शब्दाचा अर्थ 'कुत्र्याचें नाक'. कारण ती खाणाराचें नाक तसेंच ओलें होतें! हबानेरो मिरची, कांदा, कोथिंबीर आणि कडू नारिंगाचा आंबट रस हें तिचें मुख्य सामान.

लंडनांत राहणाऱ्या युकातानकरानें ती कोठें शोधावी? ती ताजीच खावयाची. तेव्हां बाटलीच्या मागें न लागतां सामानाच्या मागें लागावें. ब्रिक्स्टनच्या बाजारांत वेस्ट इंडियन लोकांची 'स्कॉच बॉनेट' मिरची मिळते. ती हबानेरोची सख्खी बहीण. जानेवारींत मुरंब्यासाठीं स्पेनमधील सेव्हिलचीं कडू नारिंगें येतात.

मौज ही कीं, आमच्या संस्कृत 'नारंग' शब्दाचेंच फारशी-अरबींतून स्पॅनिश 'नारान्हा' झालें. स्पॅनिशांनीं तें फळ मेक्सिकोस नेलें. पोर्तुगीजांनीं अमेरिकेंतील मिरची आमच्याकडे आणिली. ह्यास्तव, वाचकहो, परदेशीं असलेल्या आपल्या मुलांनींहि घरच्या चवीसाठीं खिन्न होऊं नये. परक्याच्या दुकानांत तिचें एखादें आप्त बहुधा भेटतेंच.