राखीव जागा आपली, मतदार कोण?

१९२७ साली मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विद्यापीठाच्या सिनेटमध्ये मागासवर्गीयांना प्रतिनिधित्व मागितले. प्रवेश मिळणे वेगळे, निर्णयात वाटा मिळणे वेगळे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राज्यपाल नेमतात. अर्थसंकल्प मात्र अधिसभेपुढे येतो. २०१६ च्या कायद्यानुसार या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर १० प्रतिनिधी निवडून देतात. त्यात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी आणि महिला यांना प्रत्येकी एक जागा राखीव आहे. पण त्या जागेवर कोण बसणार, हे यादीतले सगळेच मतदार ठरवतात. आणि पदवी मिळाली म्हणून नाव आपोआप यादीत येत नाही. अर्ज भरावा लागतो.

म्हणून नोंदणी सुरू होण्याआधीच आपापल्या विहारात पदवीधरांची यादी करा. आपण यादीत नसलो, तर आपला प्रतिनिधीही दुसरेच निवडतील.